सबटायटल नसलेली माणसे

मुलांना परभाषेतले सिनेमे दाखवावेत की नाही, यावर समस्त पालकवर्गात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, 'त्यांना काय डोंबल कळणार?' दुसरा म्हणतो, 'दाखवावेत, संस्कार होतात.' पहिला पक्ष काही दाखवतच नाही. दुसरा दाखवतो आणि शेजारी बसून अखंड अर्थ सांगतो. यांत मुलांना जास्त कोण छळतो, ते तुम्हीच ठरवा.

फ्रेंच 'लाल फुगा' (१९५६) घ्या. चौतीस मिनिटांचा सिनेमा. एक मुलगा, एक फुगा आणि पॅरिसचे रस्ते. बोलणे जवळजवळ नाहीच. आमच्या चंद्रपूरच्या घरी तो लावला, तेव्हा सारे संवाद मोठ्या माणसांनी पुरवले.

मग माजिद मजिदींचा इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) लावला. अलीच्या हातून बहिणीचे बूट हरवतात. घरी सांगायची सोय नाही, म्हणून भावंडे एकच जोड आळीपाळीने घालतात. पुढे शर्यतीत तिसऱ्या नंबराला बूट मिळणार असतात. अली तिसरा यायला म्हणून धावतो आणि पहिला येतो! बिचारा रडकुंडीला येतो.

"पहिला आला ना बाप्पा, मंग रडून काहून राहिला?" शेजारचे काका म्हणाले. काकांनी खालच्या इंग्रजी ओळी शेवटपर्यंत वाचल्या होत्या.

"बूट तिसऱ्याले होते नं, काका!" आमची सात वर्षांची नात म्हणाली. तिला ना फारसी येते, ना त्या इंग्रजी ओळी वाचता येतात. पण पहिला नंबर आल्याचे दुःख असू शकते, ही गोष्ट आपल्याला मराठीत सांगितली तरी कळणार नाही, ती तिला फारसीत कळली.

यातून मुलांना फारसी येत नाही, हे उघड आहे. मिळते ते एकच : ज्याचे बोलणे कळत नाही, त्याच्या तोंडाकडे नीट बघायची सवय. आणि ही सवय आपल्या मुलुखात चैनीची नाही, गरजेची आहे. बल्लारपुरात तेलुगू कानावर येते, चामोर्शीकडे बंगाली, भामरागडला माडिया. एका दवाखान्याच्या खिडकीशी मी पाहिले. माडिया आजीबाईंना प्रश्न कळला नाही, तेव्हा कारकुनाने तोच मराठी प्रश्न दुप्पट आवाजात विचारला. तरी कळला नाही, मग चौपट. आवाज चढवला की भाषा समजते, असा आपल्याकडे एक समज आहे.

उलट बाजूने पाहा. भामरागडकडचे माडिया पोर पहिल्यांदा शाळेत जाते, तेव्हा समोर मराठी नावाचा परभाषी सिनेमा सुरू होतो. सबटायटल नाही, मध्ये थांबवायची सोय नाही, आणि वर शेवटी परीक्षा! काही गुरुजी आपणहून माडिया शिकतात. त्यांना माझा दंडवत. हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमट्यांवर २०१४ मध्ये सिनेमा निघाला, तोही मराठीत. म्हणजे आपल्याच जंगलाची गोष्ट त्या पोराने परभाषेत पाहायची! त्याला काय कळणार, असे मात्र कोणी विचारत नाही.

तेव्हा मुलांना इराण दाखवा, फ्रान्स दाखवा. फक्त सिनेमा संपल्यावर 'काय शिकलास?' म्हणून उलटतपासणी घेऊ नका. उद्या एस.टी.त शेजारच्या आजीचे बोलणे न कळताही पोराने तिला खिडकी उघडून दिली, तर पैसे वसूल झाले असे समजा.