देव गावाबरोबर गेला, देऊळ राहिले

भिगवण सोडून सोलापूरच्या दिशेने निघाले की महामार्गाच्या डाव्या अंगाला उजनीचे पाणी लागते. याच रस्त्यावर, इंदापूरच्या अलीकडे, पळसदेव आहे. आजचे पळसदेव वसवलेले गाव आहे. जुने भीमेच्या काठी होते, आणि 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या यशवंत सागरात ते गेले. शेते गेली, वाडे गेले, घाट गेला. पळसनाथाचे देऊळ मात्र पुरते गेले नाही. ऐन उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की आधी शिखर वर येते, मग दगडी भिंती, आणि धरण फारच खाली गेले तर आवारातले वीरगळसुद्धा.

उजनीकाठच्या माणसाला धरणाचा ‘उणे’ आकडा समजावून सांगावा लागत नाही. एकूण सुमारे 117 टीएमसी साठ्यापैकी 63 टीएमसीच्या वर मृतसाठा आहे, आणि पाणी त्याच्याही खाली उतरले की टक्केवारी उणे होते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली. जनावरांच्या पाण्याची भ्रांत पडते त्याच दिवसांत पळसनाथाचे दर्शन होते. देऊळ पायथ्यापर्यंत उघडे पडले की वर्ष वाईट आहे, हे वेगळे सांगायला नको.

गाव उठले तेव्हा गावकऱ्यांनी नव्या गावात पळसनाथाचे नवे देऊळ बांधले. पूजा, उत्सव, नवस सगळे आता तिथे होते. मग पाण्यातून वर येणारे ते काय आहे? त्याला देऊळ म्हणायचे की जुने बांधकाम?

शास्त्राचे उत्तर ऐकायला सरळ आहे. मूर्ती चल असते किंवा अचल. देव्हाऱ्यातला टाक चल, गाभाऱ्यातले शिवलिंग अचल. अचल म्हणजे हलवायचे नाहीच, असे मात्र नाही. जीर्णोद्धाराच्या वेळी देवत्व मंत्राने कलशात घेतात, काम होईपर्यंत कलशाची पूजा चालते, आणि नव्या जागी पुन्हा प्राणप्रतिष्ठा होते. या हिशेबाने गाभारा रिकामा झाला की पूजेपुरता प्रश्न मिटतो. पण तो पूजेपुरताच मिटतो.

कारण देऊळ नुसते देवाचे घर नसते. पळसनाथाचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. चारी दर्शनी बाजूंनी वर चढत जाणाऱ्या उभ्या पट्ट्या, त्यांना लता म्हणतात, आणि दोन लतांच्या मधल्या जागेत एकावर एक चढलेल्या छोट्या शिखरांच्या ओळी. एकेक ओळ म्हणजे एकेक भूमी, मजला. ही पद्धत माळव्यात बहरली आणि महाराष्ट्रात उतरली. शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा लेख असलेले अंबरनाथ आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही तिची नामांकित उदाहरणे. ती राजाश्रयाची कामे. भीमेकाठच्या एका गावात हीच रचना खाली दगड आणि वर वीट अशी उभी राहिली. अंबरनाथ पाहायला लोक मुद्दाम जातात. पळसदेवला गवंड्याने तोच पर्वत विटांत रचला, याचे कौतुक व्हायला हवे तेवढे होत नाही.

अशा देवळाला सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. हेमाद्री तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. पळसदेवचे नाव त्याच्याही आधी कोरीव लेखांत येते: मराठीच्या जुन्या शिलालेखांत इथला शके 1079 चा, म्हणजे इ.स. 1157 चा लेख मोजला जातो. हेमाडपंताच्या शंभरएक वर्षे आधी या गावात मराठी दगडावर कोरली जात होती.

त्याच शतकात, याच भीमेच्या खोऱ्यात पंढरपूरच्या पुढे मंगळवेढ्याला, बसवेश्वर कलचुरी राजा बिज्जलाच्या चाकरीत होते. स्थावर आणि जंगम हा भेद त्यांनी धर्माच्या मध्यभागी आणून ठेवला. दगडाचे उभे राहिलेले देऊळ स्थावर, त्याला कधीतरी पडायचे आहे. चालताबोलता भक्त जंगम, त्याचा देहच देऊळ. एकीकडे पळसदेवला कारागीर छिन्नी चालवत होते, आणि काही मजलांवर एक माणूस सांगत होता की हे टिकणार नाही. आठशे वर्षांनी धरणाने बसवेश्वरांचे म्हणणे शब्दशः खरे केले. स्थावर बुडाले. जंगम गाव उठले, आपला देव घेऊन रस्त्याच्या कडेला गेले आणि पुन्हा उभे राहिले.

तरी बसवेश्वरांच्या विचाराने पळसदेवचे सगळे उत्तर मिळत नाही. देव हलवता आला, पण आवारातले वीरगळ सांगतात ते कसे हलवायचे? वीरगळावर खाली लढाई, मध्ये अप्सरांबरोबर वर जाणारा वीर आणि सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर असतो. त्या माणसाने आपले मरण या काठच्या या देवापाशी ठेवले आहे. नदी, घाट, देऊळ आणि वीरगळ मिळून ते एक वाक्य आहे; त्यातला एक शब्द उचलून दुसरीकडे ठेवला तर शब्द राहील, वाक्य राहणार नाही.

गोव्यात साळावलीच्या धरणाखाली कुर्डी गाव गेले. तिथले कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगडावर खुणा करून उतरवले आणि धरणाजवळ पुन्हा रचले. इमारत वाचली, हे मोठेच काम झाले. पण दर मे महिन्यात पाणी हटले की कुर्डीकर त्या वाचवलेल्या देवळात जमत नाहीत. ते चिखल सुकलेल्या जुन्या गावात जातात. हिंदू आपल्या सोमेश्वरापाशी आणि ख्रिस्ती आपल्या चॅपेलपाशी. दोन धर्म, पण ओढ एकाच भुईची. ती ओढ अडाणी म्हणून बाजूला सारणे चूक आहे. जागेलाही एक प्रतिष्ठा झालेली असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी ती झालेली असते, आणि तिच्या विसर्जनाचा मंत्र कुणी लिहिलेला नाही.

म्हणून पळसनाथाच्या जुन्या देवळाची काळजी पुरातत्त्वाइतकीच धर्माचीही बाब आहे. सतत पाण्याखाली असलेला दगड बराच तग धरतो. घात होतो तो भिजण्या-सुकण्याच्या फेऱ्यांनी. चुना विरघळतो, विटांचे सांधे सैल होतात, आणि पाण्याची पातळी शिखराशी असताना लाटा नेमक्या विटांवर आपटत राहतात. म्हणजे सगळ्यात नाजूक भागावरच सगळ्यात जास्त मार. देऊळ पूर्ण उघडे पडते ते काही आठवडे. मोजमाप, छायाचित्रण, सांधे भरणे, ढळलेले दगड जागी बसवणे एवढे त्या अवधीत होण्यासारखे आहे. त्यासाठी तयारी मात्र हिवाळ्यातच हवी.

कोरड्या वर्षी लोक भेगाळलेल्या गाळातून चालत जातात, पाणी थोडे असेल तर होडीने. गाभाऱ्यात पूजा नाही, तरी उंबऱ्याशी वाकून हात लावणारे असतात. एखादा म्हातारा नातवाला बोटाने दाखवतो, आपलं घर तिकडं होतं. मग मावळात पाऊस लागतो, पुण्याच्या वरच्या धरणांतून पाणी सुटते, दौंडचा विसर्ग वाढल्याची बातमी येते, आणि होडीवाले शिखराकडे पाहून खोलीचा अंदाज घेऊ लागतात.