थंड इंजिनाची विचारपूस

डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याकडून गार वारा सुटला, की बुऱ्हाणपुरात भल्या पहाटे गल्लोगल्ली किकचे आवाज सुरू होतात. लालबागेतला दूधवाला, रात्रपाळी संपवून घरी निघालेला पॉवरलूमचा कामगार, शाहपूर-इच्छापूरकडे केळीच्या मळ्यावर जाणारा शेतकरी... यांतल्या कितीतरी जणांकडे अजून कार्बोरेटरवालीच गाडी आहे. जुनी स्प्लेंडर, सीडी हंड्रेड, एखादी जिवापाड जपलेली आरएक्स हंड्रेड. उन्हाळ्यात अर्ध्या किकमध्ये बोलणारी ही गाडी थंडीत दमवते. मग माणूस चिडतो, किकवर जोर काढतो, मूठ पिळतो. गाडीला नेमकं तेच नको असतं.

पेट्रोल पातळ असताना जळत नाही, जळते ती त्याची वाफ. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 भाग हवा मिळाली, की ते नीट पेटतं. पण रात्रभर गारठलेल्या इंजिनात बरंचसं पेट्रोल वाफ न होताच नळीच्या आतल्या बाजूला दवासारखं चिकटून राहतं. प्लगपर्यंत पोचतं त्या मिश्रणात हवाच फार. ऑइलही घट्ट झालेलं असतं. कार्बोरेटरच्या बगलेतला चोकचा खटका लावला, की हवेची वाट अडते, इंजिनाची ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. त्यातलं थोडं जरी वाफ झालं तरी काम भागतं.

म्हणून जुने मिस्त्री सांगतात: पेट्रोलचा कॉक उघडा, चोक लावा, चावी बंद ठेवूनच दोन-चार किक सावकाश मारा. मग चावी फिरवून एक पूर्ण किक. रेस अजिबात देऊ नका, मूठ पिळली की चोकचा जोर जातो. गाडी सुरू झाली, की कान तिच्याकडे ठेवा. आवाज स्थिर होऊ लागला की चोक हळूहळू काढा. तो तसाच राहिला तर प्लगवर काजळी धरते, आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. पेट्रोलचा भपकारा आला तर गाडी ओव्हर झाली समजा. अशा वेळी चोक काढा, मूठ पूर्ण उघडी धरून किक मारा. तरीही नाहीच, तर प्लग खोलून कोरडा करा.

1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-6 निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. तिथे इंजिन किती थंड आहे हे सेन्सर मोजतो आणि पेट्रोल किती द्यायचं ते गाडीच ठरवते. हे चांगलंच झालं, धूर कमी झाला. जुन्या गाडीत मात्र हे मोजमाप आपल्याच तळव्याने आणि कानाने करायचं असतं. काम सांगण्याआधी तिची विचारपूस करावी लागते, आणि मला ही सवय फार मोलाची वाटते.

केळीच्या बाबतीत आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पारा दहा-बाराच्या खाली गेला की केळीची वाढ थबकते. तो झाडावर रागावत नाही. हवेपेक्षा विहिरीचं पाणी उबदार असतं, म्हणून रात्री पाणी देतो, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. मग पहाटे घरात आखडलेले गुडघे चोळत बसलेल्या वडिलांना ‘आवरा ना लवकर’ असं आपण का म्हणतो? गोधडीतून ओढून काढलेल्या पोराकडून पहिल्याच हाकेला हुशारीची अपेक्षा का करतो? त्यांनाही दोन मिनिटं हवी असतात. ती देण्यात आपलं काहीच जात नाही.

गाडीची तयारी मात्र आदल्या रात्रीपासून करावी. ती उघड्या वाऱ्यात न ठेवता भिंतीच्या आडोशाला लावावी, कॉक बंद करावा. बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालचा स्क्रू सैल करून काढून टाकावं. पेट्रोलमधला लवकर उडणारा भाग आधी निघून जातो, मागे चिकट थर राहतो आणि जेटची बारीक भोकं बुजतात. आणि घरातल्या पोराला ही गाडी हाती देताना गिअरच्या आधी चोक शिकवावा. तो कधी काढायचा हे सांगू नये, आवाज ऐकून त्याचं त्यालाच ओळखू द्यावं.