मूळचे आणि मागाहून आलेले

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने अनेकदा ऐकला असेल. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या मागोमाग आपले पूर्वज नर्मदेच्या उत्तरेला आले, त्याला अडीचशे वर्षे होऊन गेली. तरीही महाराष्ट्रात आपण ‘इंदूरकडचे’ आणि इंदुरात ‘दक्षिणी’. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. पण त्यामागे एक नैतिक गृहीत दडलेले असते. जो आधी आला त्याचा हक्क थोर, मागाहून आला त्याचा उणा. हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार करण्यास मला एका परदेशी अरण्याने प्रवृत्त केले.

राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर मुलाच्या कुटुंबासमवेत सिंगापूरला राहण्याचा योग आला. तिथे मी ना नागरिक, ना नोकरदार. दीर्घ मुक्कामाचा परवाना असलेला एक वयस्क पाहुणा. सकाळी मोकळा वेळ असे. त्या वेळात बुकित तिमाह या टेकडीवरील राखीव वर्षावनात जाण्याचा परिपाठ पडला. टेकडी जेमतेम १६३ मीटर उंचीची. पण विषुववृत्त इतके जवळ की तिथे ना आपला वैशाख, ना आपली पानगळ. वेत, नेचे, झाडांना आवळत जाणारे वड-पिंपळाच्या जातीचे वृक्ष आणि या सर्वांच्या वर माथा काढून उभे असलेले सेरायाचे महावृक्ष, असे ते दृश्य. सेराया हा आपल्या सालवृक्षाच्याच कुळातला. नोकरीच्या काळात मंडला-डिंडोरीकडची सालवने पाहिली होती, त्यामुळे पंखधारी फळे भिरभिरत खाली येण्याची या कुळाची रीत मला परिचयाची वाटली. फरक एवढाच की साल दरवर्षी फुलतो, आणि हे वृक्ष कित्येक वर्षे निःशब्द राहून मग एकाएकी, विस्तीर्ण प्रदेशात, जणू संकेत ठरल्याप्रमाणे एकदम बहरतात.

मलायाच्या अरण्याचा अस्सल मूळ रहिवासी कोण, असे विचारल्यास कोणीही याच वृक्षांकडे बोट दाखवील. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, प्राचीन परागकणांच्या आधारे, निराळाच वृत्तांत समोर आला. हे कूळ आफ्रिकेत जन्मले, तिथून भारतीय भूखंडावर आले आणि तो भूखंड आशियाला भिडल्यानंतर आग्नेयेकडे पसरले. गुजरातेत सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील कोळशाच्या खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची राळ सापडली आहे. तीही याच कुळातील वृक्षांची. म्हणजे ज्याला आपण मूळचा म्हणतो, तोही मागाहून आलेला. आणि तोही आपल्याच वाटेने!

येथवर आल्यावर आपल्यासारख्यांना हायसे वाटणे स्वाभाविक आहे. सारेच जर कोठून तरी आले, तर मूळचा आणि उपरा हा भेदच मिथ्या, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मात्र जो निष्कर्ष आपल्या सोयीचा असतो, तो दुप्पट तपासून घ्यावा, हे शासकीय कामकाजात शिकलेले तत्त्व येथेही लागू पडते.

त्याच अरण्यात ‘कोस्टरचा शाप’ या नावाने ओळखले जाणारे एक झुडूप आढळते. ते उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. आपल्याकडील घाणेरीप्रमाणे तेही जिथे पसरते तिथे स्थानिक रोपांना डोके वर काढू देत नाही. दुसरे उदाहरण रबराचे. १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांतून रुजलेली अवघी २२ रोपे १८७७ मध्ये सिंगापूरला पोहोचली. तेथील वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्री रिडले यांनी झाडाला इजा न करता चीक काढण्याची रीत बसवली आणि मळेवाल्यांच्या इतके मागे लागले की लोक त्यांना ‘वेडा रिडले’ म्हणू लागले. पुढे त्या झाडासाठी मलायातील अफाट अरण्य तोडले गेले. झाडाचा दोष नव्हता. त्याला आणणाऱ्यांच्या हिशेबात अरण्याला किंमतच नव्हती.

सालाचे कूळही परके आणि रबरही परके. मग भेद कशात? माझ्या मते, कोण केव्हा आला यात तो नाही. आल्यानंतर भोवतालचे जीवन वाढले की आटले, यात आहे. सेरायाच्या कुळातील रोपांना मातीतल्या बुरशीची साथ लागते. बुरशी रोपाला क्षार मिळवून देते, रोप तिला अन्न पुरवते. ही देवघेव जुळली नाही, तर रोप जोमाने वाढत नाही. परक्या भूमीत रुजणे म्हणजे नुसते उभे राहणे नव्हे. तेथील अदृश्य आधारांशी देणे-घेणे जोडणे होय.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. मलाय द्वीपकल्पातील वनवासी जमातींना ‘ओरांग अस्ली’, म्हणजे मूळची माणसे, म्हणतात. त्यातील ‘अस्ली’ आणि आपला ‘अस्सल’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातले. ‘सारेच उपरे’ हा युक्तिवाद या लोकांच्या तोंडावर फेकून त्यांची जमीन घेणे किती सोपे आहे! आपल्या मध्य प्रदेशातील गोंड, बैगा यांच्याबाबतही तेच. तेव्हा लक्षावधी वर्षांचा न्याय झाडांना लावावा. माणसांच्या बाबतीत, ज्यांचे पोट आणि दैवते त्या रानाशी बांधलेली आहेत, त्यांचा शब्द आधी ऐकावा. मागाहून आलेल्याचा हक्क नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचे कर्तव्य मात्र अधिक आहे, कारण त्याने आयती सावली घेतलेली असते.

हे कर्तव्य पार पाडता येते, याचाही दाखला तिथेच आहे. १९८६ साली पूर्ण झालेल्या महामार्गाने बुकित तिमाहचे रान शेजारच्या रानापासून तोडले गेले. २०१३ मध्ये त्या रस्त्यावर झाडेझुडपे लावलेला एक रुंद पूल उभारण्यात आला. माणसांसाठी नव्हे, केवळ प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून. त्या शहरातील बहुसंख्य कुटुंबेही गेल्या दोनशे वर्षांत बाहेरूनच आलेली आहेत.

उतारवयात परदेशी राहणाऱ्या माणसाजवळ अशी कामे करण्याइतका अधिकार नसतो आणि आयुष्यही नसते. परंतु झाडांची तेथील नावे शिकणे, आखलेली वाट न सोडणे, रोप किंवा बी खिशात न घालणे आणि नातवंडांना ‘हे आपले नाही, तरी सांभाळायचे आहे’ एवढे सांगणे त्याला शक्य असते. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर देणे आपल्या हाती नाही. ते पूर्वजांनी देऊन ठेवले आहे. ‘तुम्ही आल्याने येथे काय वाढले?’ असे मात्र कोणी विचारले, तर त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.