पानांवरची राख



राखेच्या बुधवारी आपण कपाळाला राख लावून घेतली. दुसऱ्या दिवशी काही कामानिमित्त मी तुंगारेश्वर फाट्यावर महामार्गाच्या कडेला थांबलो होतो. हाताशी आलेल्या आंब्याच्या पानावरून सहज बोट फिरवले, तर बोट काळे झाले.

पान श्वास घेते ते बारीक छिद्रांतून. धूर, रस्त्याची धूळ, टायर आणि ब्रेक झिजून उडणारी भुकटी यांनी ती बुजतात. वर साचलेल्या थरामुळे ऊनही नीट पोहोचत नाही. मग झाडाचे अन्न कमी पडते. धुरातला नायट्रोजन मातीत उतरतो. खतच की ते, असे कोणी म्हणेल. पण न मागता मिळालेले हे खत तणाला फावते आणि कमी पोषणावर जगणारी रानातली नाजूक रोपे मागे पडतात.

आता थोड्याच दिवसांत घरोघरी मसाला कुटला जाईल. त्यातले दगडफूल घ्या. त्याला मूळ नाही. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने जगतात, त्यांचे हे मिळून एक शरीर. पाणी, पोषण सारे हवेतून घ्यायचे, म्हणून हवेतले विषही तेच आधी पिते. धूर वाढला की त्याच्या नाजूक जाती झाडांच्या सालीवरून गुपचूप नाहीशा होतात. कोणाच्या लक्षातही येत नाही.

सन २००० मध्ये पेट्रोलमधले शिसे गेले, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे इंधन आले. चांगलेच झाले. पण गाड्या वाढत गेल्या, आणि टायरची भुकटी इंधन बदलून थांबत नाही.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर माणसाला बागेत ठेवतो, तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. ही राखण चुकली, असे प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी मला आजवर कोणी सांगितलेले नाही. मीही कधी सांगितले नाही. पाच मिनिटांच्या वाटेला स्कूटर काढणारा मीच.

मिस्सा सुटताना गेटबाहेर गाड्या सुरू ठेवून आपण घरच्यांची वाट पाहतो. तेवढी किल्ली फिरवा. उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला शक्य त्यांनी पायी या. वृद्ध आणि आजारी माणसांना अर्थातच गाडीने आणा. मी सायंकाळी साडेपाचला तळ्याकडून चालत निघेन, सोबत असली तर बरे वाटेल.

तुमचा धर्मगुरू