कालियाच्या डोहातलं पाणी पहिल्यांदा कोण प्यायलं?



आजचं चिंतन श्रीमद्भागवतातल्या दशम स्कंधावर. अध्याय १५ चा शेवट आणि संपूर्ण अध्याय १६.

कालियामर्दनाची गोष्ट माहीत नाही असा माणूस आपल्यात सापडणार नाही. कॅलेंडरवरचं ते चित्र डोळ्यांसमोर येतंच: नागाचे फणे, त्यावर नाचणारा बाळकृष्ण, हात जोडलेल्या नागपत्नी. पण चित्र इतकं ओळखीचं झालंय की आपण गोष्ट थेट नाचापासूनच सुरू करतो. भागवत तशी सुरू करत नाही. भागवत आधी सांगतं की ते पाणी प्यायलं कोण.

उन्हाळ्याचे दिवस. गायी आणि गोपाळ तहानेने व्याकूळ झालेले. समोर यमुना. ते वाकले, प्यायले आणि काठावरच निष्प्राण होऊन पडले. बस, एवढंच. त्यांनी नागाची खोडी काढली नव्हती, त्यांचा काही अपराध नव्हता. त्यांना तहान लागली होती आणि नदी जवळ होती.

मला इथे थांबावंसं वाटलं. विष ज्याचं असतं त्याला ते कधीच बाधत नाही. कालिया त्या डोहात सहकुटुंब मजेत राहत होता. मेली ती गुरं आणि गुराखी.

आता आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. पुण्यात राहणाऱ्यांनी तर नक्कीच. पवना दापोडीला मुळेला मिळते. पुढे मुळा आणि मुठा एक होतात आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेला जाऊन मिळतात. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते. भीमा पुढे उजनीच्या जलाशयात जाते आणि तिथून पंढरपूरला. तिथे ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. म्हणजे आपल्या बाथरूमच्या जाळीतून जे खाली जातं, त्याची दिशा पंढरपूरची आहे. आपली वारी चुकेल एखाद्या वर्षी, सांडपाण्याची वारी रोज चालू असते.

आणि वाटेत गावं आहेत. आमच्या ऑफिसात अपस्ट्रीम-डाउनस्ट्रीम हे शब्द दिवसातून वीसदा कानावर पडतात. वरच्या सिस्टिमने घाण डेटा पाठवला की खालच्या टीमची रात्र जाते. नदीच्या बाबतीत हे शब्द उपमा नाहीत, शब्दशः खरे आहेत. माझी आत्या दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका गावात राहते. लग्न होऊन आली तेव्हा ती नदीवरून हंडा भरून आणायची. आता नदीच्या घाटावर जलपर्णी इतकी दाट आहे की पाणी दिसत नाही. एकादशीचं स्नान ती नळाच्या पाण्याने करते आणि चंद्रभागेचं नाव घेते.

दिवाळीत गेलो होतो तेव्हा मी शहरावर बराच वेळ बोललो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आरं, तुमच्या पुण्याचं आमच्याकडं येतं, खरं हाय. पन आमच्या गल्लीचं गटार कुठं जातं? वड्याला. वडा नदीला. खालच्या गावातली बाई मला काय म्हनत आसंल?"

प्रत्येक गाव कुणाच्या तरी खाली असतं आणि कुणाच्या तरी वर. गोपाळ आणि कालिया, दोन्ही भूमिका आपल्याच असतात.

आत्याचं म्हणणं किती खरं आहे ते थोडं हिशेबाने पाहू. जलजीवन मिशनमध्ये गावात माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचं उद्दिष्ट आहे. फार चांगली गोष्ट आहे ही, हंड्याचं ओझं उतरलं. पण घरात आलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं इंजिनिअर लोक धरतात. म्हणजे माणशी ४४ लिटर. दोन हजार वस्तीच्या गावात रोज ८८,००० लिटर, दहा हजार लिटरचे जवळपास नऊ टँकर. पाणी आत आणणारी पाइपलाइन आली, बाहेर नेणारी व्यवस्था बहुतेक ठिकाणी म्हणजे एक उघडी गटार. त्यातच सेप्टिक टँकचा पाइप सोडलेला. वर्षानुवर्षं टाकी उपसलेली नाही, त्यामुळे मैला टाकीत थांबतच नाही. पावसाळ्यात गटारीत प्लास्टिक अडकलं की हे सगळं उलटं फिरतं आणि उंबऱ्यावरून घरात शिरतं. सगळ्यात आधी कुणाच्या घरात? ज्याचं घर सगळ्यात खाली, त्याच्या.

आता भगवंतांनी काय केलं ते पाहा. क्रम फार सुंदर आहे. आधी त्यांनी आपल्या अमृतदृष्टीने गायी-गोपाळांना उठवलं. मग कंबर कसून कदंबावर चढले आणि थेट त्या डोहात उडी मारली. आमच्याकडे सर्व्हर पडला की हाच क्रम शिकवतात: आधी ज्यांना त्रास होतोय त्यांना सावरा, मग मुळाशी जा. बरेच लोक पहिल्या पायरीवरच थांबतात. गावात पाण्याचा फिल्टर बसवला, फोटो काढला, झालं. भगवंत तिथे थांबले नाहीत. काठावर उभं राहून यमुनेची आरतीही करत बसले नाहीत. जिथून विष येत होतं तिथे उतरले.

आणि पुढची गोष्ट तर आपण जवळजवळ विसरलोच आहोत. त्यांनी कालियाला मारलं नाही. कालिया म्हणाला की विष हा आमचा जन्मजात स्वभाव आहे. भगवंतांनी ते नाकारलं नाही. त्यांनी त्याला समुद्राकडे, त्याच्या मूळ रमणक द्वीपाकडे परत जायला सांगितलं, कारण ही नदी गायींनी आणि माणसांनी वापरायची आहे. तो तिथून गरुडाच्या भीतीने पळून आला होता. आता माझी पावलं तुझ्या मस्तकावर आहेत, गरुड तुला काही करणार नाही, असं अभयही दिलं. म्हणजे तो या डोहात का आला, ते कारणच काढून टाकलं.

मला यातून जे कळलं ते असं: विष हा बऱ्याचदा चुकीच्या जागी गेलेला पदार्थ असतो. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस नदीत गेला की जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. तोच शेतात गेला की खत. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की बंद करतात, दुसरा वापरतात. वर्ष-दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं. मोरीचं पाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडलं की गटारीची गरजच कमी होते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या गटारी आणि डास दोन्ही घालवले. खर्च थोडा. विहिरीपासून अंतर राखायचं आणि दगड-खडी अधूनमधून धुवायची, एवढी शिस्त मात्र पाळावी लागते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत एका चक्राबद्दल बोलतात. अन्न, पाऊस, यज्ञ, कर्म एकमेकांत गुंतलेले. जो घेतो आणि परत देत नाही, त्याच्यासाठी तिथे शब्द आहे चोर. नदीतून स्वच्छ पाणी घेऊन घाण परत करणं या व्याख्येत बसतं का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलंय.

गाडगेबाबा आपल्याकडे होऊन गेले, हे आपलं भाग्य. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या लेखी ही दोन कामं वेगळी नव्हती.

म्हणून हे सगळं आज लिहितोय. येत्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा ब्लोअर रात्री बंद ठेवावा, वीजबिल वाचेल, असा ठराव येणार आहे. ब्लोअर त्या टाकीतल्या जिवाणूंना हवा देतो, तेच जिवाणू घाण खातात. हवा काही तास बंद राहिली की पाणी सडायला लागतं, आणि सकाळी ते नाल्यात जातं. ठरावाच्या बाजूने बरेच जण आहेत, त्यातले दोघं माझ्याबरोबर दर वर्षी आळंदीला येतात. मी विरोधात बोलणार आहे. ठराव पडेल की पास होईल माहीत नाही. पण माझ्या मोरीच्या खाली एक काठ आहे, आणि त्या काठावर कुणीतरी तहानलेलं वाकलेलं आहे, हे सांगायला तरी उभं राहायला हवं.

आजचा संकल्प: आपल्या घरातलं सांडपाणी नक्की कुठे जातं, ते आज शोधून काढायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, गावाकडे फोन करा, सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला ते विचारा. उत्तर मिळालं की मला जरूर कळवा.

प्रार्थना: हे यशोदानंदना, माझ्या आतल्या कालियाला मारू नकोस, त्याच्या मस्तकावर तुझं पाऊल ठेव आणि त्याला त्याच्या जागी पाठव. माझ्या खाली राहणाऱ्यांची नदी गोड राहू दे.

उद्या अध्याय १७. कालियाने रमणक द्वीप का सोडलं, ती पूर्वकथा सविस्तर पाहू.

राम कृष्ण हरी.