घर वाचले, पण कोणाच्या जिवावर?

अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्समध्ये १९६६ साली चित्रकार जॅक कर्बी यांनी ‘सिल्व्हर सर्फर’ आणला. त्याची पूर्वकथा १९६८ साली आली. ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसपासून आपला झेन-ला वाचावा म्हणून नॉरिन रॅड त्याची चाकरी पत्करतो, त्याच्यासाठी दुसरे ग्रह शोधत फिरतो. याला आपण त्याग म्हणतो. पण त्या ग्रहांवरही कोणाची तरी घरे असतीलच ना? पुढच्या लेखकांनी सवलत दिली: म्हणे गॅलॅक्टसनेच त्याचे मन बधिर केले होते! आम्हांला ही पळवाट पटत नाही. ‘मुलाबाळांसाठी’ म्हणत आपण दुसऱ्याचे हिरावतो, तेव्हा आपले मन कोण बधिर करते? पृथ्वीवर अलिशिया या अंध शिल्पकार स्त्रीने त्याला माणसांची बाजू सांगितली. तो धन्याविरुद्ध उभा राहिला. शिक्षा म्हणून पृथ्वीवरच अडकला. वाचवलेले घर कितीतरी वर्षे त्याला दुरावले.