ओल्या अरणीचा युक्तिवाद

शीत संमीलनाच्या, म्हणजे कोल्ड फ्यूजनच्या, दाव्यातला मूळ पेच असा आहे: एकाच कृतीचे फळ एकाला मिळते आणि दहांना मिळत नाही, तेव्हा खोटे कोण ठरते, ती कृती सांगणारे वचन की ती करणारे दहा हात? 23 मार्च 1989 रोजी मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी अमेरिकेतील युटा विद्यापीठात पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात पॅलेडियमचा ऋणाग्र ठेवून वीज सोडली असता घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता निघते आणि ती ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, अणुकेंद्रांच्या संमीलनातून येते, असे त्यांनी जाहीर केले. सूर्याच्या पोटात कोट्यवधी अंश तापमानाला घडणारी गोष्ट टेबलावरच्या काचपात्रात घडते, असा त्याचा अर्थ होता.

भौतिकशास्त्राला हे पटण्यासारखे नव्हते. दोन्ही केंद्रे धनभारित असतात. ती एकमेकांना दूर लोटतात, आणि हा अडसर ओलांडायला प्रचंड वेग लागतो. शिवाय ड्यूटेरियमच्या संमीलनाच्या खुणा ठरलेल्या आहेत. साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन बाहेर पडतो, निम्म्या वेळा ट्रिटियम तयार होते. एक वॅट उष्णता याच मार्गाने निघत असेल, तर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन सुटायला हवेत. पात्राशेजारी उभी असलेली माणसे धडधाकट होती, हाच त्या उष्णतेविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा होता.

तरीही सरकारांनी कान टवकारले. युटाच्या विधिमंडळाने पन्नास लाख डॉलर बाजूला काढले. भारतात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने (बार्क) महिन्याभरातच प्रयोग मांडले. 1974 च्या पोखरण चाचणीत महत्त्वाचा वाटा असलेले पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार तेव्हा केंद्राचे संचालक होते. एम. श्रीनिवासन यांच्यासह अनेक विभागांतले पन्नासहून जास्त शास्त्रज्ञ कामाला लागले. एप्रिल ते सप्टेंबर 1989 या काळातल्या कामाचा अहवाल डिसेंबरात निघाला. या विषयात तो 'बार्क-1500' या क्रमांकानेच ओळखला जातो. न्यूट्रॉन आढळले आणि ट्रिटियमही आढळले, असे त्यात नोंदले आहे. मात्र एका न्यूट्रॉनमागे ट्रिटियमचे अणू कोट्यवधींच्या घरात होते. पाठ्यपुस्तक सांगते ते प्रमाण जवळपास एकास एक. म्हणजे एकतर काहीतरी अगदी नवे घडत होते, नाहीतर मोजण्यात कुठेतरी पाणी मुरत होते. ट्रिटियमवरचा आक्षेप सोपा आहे: जड पाण्यात ते थोडेफार आधीपासून असू शकते, आणि विद्युत अपघटनात उरलेल्या पाण्यातले त्याचे प्रमाण वाढतही जाते.

इतर प्रयोगशाळांत बहुतेकांच्या पदरी काहीच पडले नाही. त्यावर समर्थकांची उत्तरे ठरावीक होती. पॅलेडियममध्ये ड्यूटेरियम पुरेसे मुरले नसेल, विद्युतप्रवाह पुरेसे दिवस दिला नसेल, करणारे रसायनशास्त्रात कच्चे असतील, धातूचा घाणाच चांगला नसेल. विरोधकांना या पळवाटा वाटल्या. भारतीय तर्कशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र ही यादी ओळखीची वाटेल.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणारा, विचारतो की पुत्रासाठी इष्टी, म्हणजे यज्ञ, करूनही पुत्र होत नाही, मग वेदवचन खोटे का म्हणू नये? सिद्धान्ती उत्तर देतो की फळ न मिळण्याची कारणे तीन: कर्मातले वैगुण्य, कर्त्यातले वैगुण्य आणि साधनातले वैगुण्य. भाष्यकार वात्स्यायन यासाठी जो लौकिक दाखला देतो, तो ऊर्जेच्या चर्चेत फारच चपखल बसतो. विस्तव हवा असेल तर दोन लाकडे, म्हणजे अरणी, एकमेकांवर घुसळावीत. घुसळणे चुकले, घुसळणारा बेसावध असला किंवा लाकूड ओले वा पोकळ निघाले, तर विस्तव होत नाही. तेवढ्यावरून लाकडात अग्नी नाही असे कोणी म्हणत नाही.

म्हणजे ओल्या लाकडाची सबब मुळातच अप्रामाणिक नाही. पण ती कुठे चालते, हे पाहायला हवे. अरणीतून अग्नी निघताना सगळ्या गावाने पाहिलेला असतो. म्हणून एखाद्याचा न निघाला तर दोष लाकडाला लावता येतो. शिवाय ओले लाकूड घुसळण्याआधी हाताला कळते. शीत संमीलनात दोष शोधला जातो तो प्रयोग फसल्यावर, आणि बिनचूक पेटणारी अरणी कोणी चारचौघांत दाखवलेली नाही. पुढे एक अट थोडी स्पष्ट झाली: पॅलेडियमच्या दर दहा अणूंमागे ड्यूटेरियमचे नऊच्या आसपास अणू मुरले पाहिजेत. ही अट निदान आधी मोजता येते, आणि समर्थकांच्या बाजूची ती सर्वांत भक्कम गोष्ट आहे.

फळ कधी मिळायचे, हा दुसरा प्रश्न. जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावे आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणे यांचे आकडे त्यात कोरले आहेत. वाचता येणाऱ्या भागात भर आहे तो दक्षिणेवर. राज्याने खर्च काय केला ते कळते, हाती काय आले त्याचा हिशेब नाही. यज्ञफळाच्या काळाबद्दल शास्त्रकारांनी भेद केले होते. पशू मिळावेत म्हणून करायच्या चित्रेष्टीचे फळ या जन्मी मिळेल असे बंधन नाही. कारीरी इष्टी मात्र पावसासाठी; पिके करपत असताना केलेल्या कारीरीचा पाऊस पुढच्या जन्मी येऊन उपयोग नाही. तिला मुदत असते, म्हणून ती खोटी ठरू शकते.

सरकारची विजेची गरज कारीरीच्या जातीची आहे. जुन्नर आणि आंबेगावात ती अमूर्त राहत नाही. शेतीपंपांना रात्री वीज आली की शेतकऱ्याला उसाच्या फडात बिबट्याच्या सावटाखाली पाणी धरावे लागते. दिवसा वीज द्या, ही इथली जुनी मागणी आहे. शीत संमीलनाचे आश्वासन मात्र तीन दशके चित्रेष्टीसारखे मुदतीविना राहिले.

मग संशयित गोष्टीवर सरकारने पैसा घालूच नये का? नवव्या शतकातल्या नैयायिक जयंत भट्टाने इथे उपयोगी भेद केला आहे. रोजच्या व्यवहारात माणूस संशय असतानाही प्रवृत्त होतो. नारायणगावच्या बाजारात भाव काय मिळेल हे ठाऊक नसताना टोमॅटो लावणारा शेतकरी हेच करतो. पण यज्ञासारख्या अपार द्रव्य आणि कष्ट खाणाऱ्या कामाआधी प्रमाणाचा निश्चय हवा. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने नोव्हेंबर 1989 मध्ये जवळपास हेच म्हटले: पटणारा पुरावा नाही, विशेष निधी वा नवे केंद्र नको, पण नेहमीच्या छाननीतून येणाऱ्या चांगल्या प्रयोगांना माफक मदत द्यायला हरकत नाही. युटाने मात्र आधी यज्ञमंडप उभारला. तिथली राष्ट्रीय शीत संमीलन संस्था 1991 मध्ये बंद पडली.

भारताच्या अणुऊर्जा विभागाने वेगळीच टोके गाठली. आधी उत्साह, आणि नव्वदच्या दशकात हळूहळू शांतता. त्याच दशकात त्याच विभागाच्या पैशातून, टाटा मूलभूत संशोधन संस्थेमार्फत, जुन्नर तालुक्यात खोडदला आणि आसपास पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय दुर्बीण उभी राहिली. तिच्यातून एक युनिट वीज मिळणार नव्हती आणि तसे कोणी सांगितलेही नव्हते. तिच्या निरीक्षणांचाही आधार घेऊन 2023 मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर झाल्या, तेव्हा संशोधकांनी 'शोध' हा शब्द टाळून 'पुरावा' एवढेच म्हटले. युटातल्या पत्रकार परिषदेत हा विवेक दिसला नव्हता. उपयोगाचे आश्वासन नसले की सावध बोलणे परवडते, हेही खरे.

भारतात आणि बाहेरही विषय पूर्ण विझला नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये चेन्नईला या विषयाची सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि 2015 मध्ये 'करंट सायन्स'ने त्यावर विशेष विभाग काढला. गूगलच्या पैशावर काही वर्षे चाललेल्या तपासात काहीही सापडले नाही, असे 2019 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले; पॅलेडियममध्ये ड्यूटेरियम हव्या त्या प्रमाणात मुरवणे किती अवघड आहे, तेही त्यात नोंदले होते. 2023 मध्ये अमेरिकी सरकारच्या आर्पा-ई या संस्थेने आठ प्रकल्पांना मिळून एक कोटी डॉलर दिले. या वेळी मागणी विजेची नव्हती. अणुकेंद्रीय बदलाची खूण निःसंदिग्धपणे मोजून दाखवा, किंवा ती मिळत नाही हे तितक्याच निःसंदिग्धपणे नोंदवा, एवढेच काम त्यांना दिले होते.